ज्याची त्याची आवड, सर्वांचे गाणे

अभ्यासपाठ
वाचनासाठी: करिंथकरांस पहिले पत्र १४:१५-२६, रोमकरांस पत्र १४, प्रेषितांची कृत्ये १६:२२-३४



संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात एक गमतीदार चित्र आहे. मंडळी प्रार्थनेसाठी जमली आहे आणि जो तो आपापली शिदोरी घेऊन आला आहे. कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिकवण, तर कुणाजवळ आणखी काही. सर्वांनाच घाई झालेली. पौल कुणालाही गप्प बसवून घरी पाठवीत नाही, कुणाचे स्तोत्र हलके आहे असेही म्हणत नाही. तो एकच अट घालतो: जे काही कराल त्याने मंडळीची उभारणी झाली पाहिजे. त्याच अध्यायात तो असेही सांगतो की, आपण आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे. म्हणजे मन भरून यावे आणि गातो त्याचा अर्थही कळावा.

हे चित्र आपल्याला परके नाही. कर्जतपासून खोपोलीपर्यंत पसरलेल्या आपल्या धर्मग्रामात माणसे नाना ठिकाणांहून आली आहेत. कुणी वसईचे, कुणी गोव्याचे, कुणी मंगळूरचे, कुणी केरळचे. कुणी कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने नगर-मराठवाड्याकडून येथे आले. डोंगरकुशीतल्या वाड्यांवरची कुटुंबे तर आपल्या सर्वांच्या आधीपासून येथली आहेत. प्रत्येकाने आपले गाणे बरोबर आणले. गोव्याकडच्या घरात प्रायश्चित्तकाळातील मोतेतांची आठवण निघते. जुन्या कॅसेटच्या पेटीत जिम रीव्हज अजून जपून ठेवलेला असतो. कुणाला लॅटिन ग्रेगोरियन गायनाशिवाय चर्च चर्चच वाटत नाही. कुणाला टाळ-मृदंगाच्या साथीने अभंगाच्या चालीत येशूनाम ऐकले की डोळ्यांत पाणी येते. आणि आपल्या तरुणांच्या मोबाईलमध्ये गिटार-ड्रमची अशी काही गीते असतात की त्यांतले एक संपेपर्यंत आजोबांची अर्धी जपमाळ होऊन जावी.

म्हणून मिस्सा आटोपली की अंगणात थट्टा ही ठरलेलीच. "काका, तुमची पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकते हो," असे गिटारवाल्याने म्हणावे आणि काकांनी, "बाळा, तुझा ड्रम सुरू झाला की माझ्या रक्तदाबाच्या गोळीला सुट्टी नसते," असे परतवावे. ही थट्टा आम्हाला आवडते. ज्या घरात हसून वाद होतो ते घर जिवंत असते. तरीही एक प्रश्न उरतो आणि तोच आजच्या पाठाचा विषय आहे: माझी आवड कोठपर्यंत माझी, आणि कोठून ती मंडळीची?

आवड ही देणगी आहे, धर्मसिद्धान्त नव्हे

संगीताची आवड असणे हे पाप नाही आणि हलकेपणाही नाही. मोठमोठ्या संतांनी या आवडीशी झुंज घेतली आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात मनातली ओढाताण मोकळेपणाने मांडली आहे. चर्चमधील गायन ऐकताना शब्दांपेक्षा स्वरानेच आपण अधिक हेलावतो, हे त्यांना खटकत असे. तसे झाले की गायन ऐकलेच नसते तर बरे, असे त्यांना वाटे. पण श्रद्धेच्या सुरुवातीच्या दिवसांत याच गायनाने आपल्याला रडविले होते, हेही ते विसरले नाहीत. शेवटी त्यांनी कौल दिला तो चर्चमधील गायनाच्या बाजूने, कारण कानाच्या आनंदातून दुबळे मनही भक्तीकडे वळते. एवढ्या मोठ्या आचार्यालाही जर स्वतःची आवड तपासून पाहावी लागली, तर आपण ती निदान अधूनमधून तरी पाहावी.

आता दोन परमगुरूंची गोष्ट. २७ सप्टेंबर १९९७ रोजी इटलीतील बोलोन्या येथे राष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद संमेलनाच्या वेळी अमेरिकन गायक बॉब डिलन यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यासमोर गायन केले. पोप महोदयांनी डिलन यांच्याच एका गाजलेल्या गीतातील वाऱ्याचा धागा पकडून हजारो तरुणांना पवित्र आत्म्याच्या वाऱ्याविषयी सांगितले. पण त्यांचे निकटचे सहकारी कार्डिनल रॅत्झिंगर यांना हा बेत पसंत नव्हता. पुढे ते पोप सोळावे बेनेडिक्ट झाले आणि २००७ साली आपल्या पूर्वसुरींविषयीच्या पुस्तकात त्यांनी ही नापसंती लपविली नाही. बेनेडिक्ट मोझार्टचे चाहते, स्वतः पियानो वाजविणारे. त्यांचे बंधू गेओर्ग तीस वर्षे रेगेन्सबर्ग येथील कॅथेड्रलच्या बालगायकांचे संचालक होते. जॉन पॉल यांचे मन तरुणांच्या मेळाव्यात रमणारे. आवडी दोन टोकांच्या. पण दोघांनी दोन तपांच्या आसपास खांद्याला खांदा लावून काम केले, आणि आपल्या या मित्राला धन्य घोषित करण्याचे भाग्य २०११ साली बेनेडिक्ट यांनाच लाभले. गाण्यावरून मतभेद झाला म्हणून प्रेम आटत नाही, याहून चांगला दाखला कोणता?

'आमचेच खरे' म्हणण्याआधी

वाद्यांचा वाद निघाला की प्रत्येकजण इतिहासाचा आधार घेतो. पण इतिहास सर्वांचीच फिरकी घेतो.

ज्या पाइप ऑर्गनला आज आपण सर्वांत पवित्र वाद्य मानतो, त्याचा पूर्वज रोमन काळात आखाड्यातील खेळांच्या वेळी वाजविला जात असे. ख्रिस्ती उपासनेत त्याला मानाचे स्थान मिळायला कित्येक शतके जावी लागली. पेटी तर आपण अस्सल देशी मानतो. पण हार्मोनियमचा जन्म एकोणिसाव्या शतकातील युरोपात झाला. ते आपल्या संगीताला शोभत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली, आणि पुढे सुमारे तीस वर्षे ती टिकली. गिटारला 'हॉटेलातले वाद्य' म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे 'सायलेंट नाइट' हे नाताळगीत प्रथम गायिले गेले ते गिटारच्याच साथीने. शब्द फादर योसेफ मोर यांचे, चाल शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांची.

उलट, 'पूर्वी कसे सर्व काही चालत होते' असे म्हणणाऱ्या तरुणांनीही ऐकावे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा अशा वाद्यांना सक्त मनाई केली होती. त्या काळी युरोपातील चर्चमध्ये नाटकगृहातील संगीताचा शिरकाव झाला होता आणि भाविक प्रार्थना सोडून मैफल ऐकू लागले होते. बंदी कडक होती, पण तिच्यामागची काळजी खरी होती.

पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. त्याचा सहावा अध्याय संगीतावर आहे. ग्रेगोरियन गायनाला पहिला मान, पाइप ऑर्गनला आदर, आणि त्याबरोबरच ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्या परंपरेला योग्य स्थान, असा समतोल परिषदेने साधला. इतर वाद्येही चालतील. मात्र ती पवित्र कार्याला साजेशी असावीत, मंदिराची प्रतिष्ठा राखणारी असावीत आणि त्यांनी भाविकांची खरोखर उन्नती व्हावी. म्हणजे पेटीवाले, गिटारवाले आणि ढोलकीवाले या तिघांनाही परिषदेने दार उघडे ठेवले, पण कुणालाही घराची किल्ली एकट्याच्या हाती दिली नाही.

आपल्या मराठीतील दोन वाटाडे

आपल्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. बालपणी त्यांच्या कानांवर पडलेली गीते आपल्याकडची नव्हेत. तरी १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले ते मराठीत, आणि तेही ओवीछंदात. सुमारे अकरा हजार ओव्या. आपली जुनी पुराणे सुटली, आता वाचायला-ऐकायला दुसरे काही द्या, अशी नवख्रिस्ती भाविकांची मागणी होती, हे या ग्रंथातच नमूद आहे. फादरांनी ती ऐकली. ओवी म्हणजे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओठांवरचा छंद, आणि ज्ञानेश्वरीचाही. पुढे हे पुराण चर्चमधून रविवारी व सणांच्या दिवशी वाचले जाऊ लागले. फादरांनी आपल्या आवडीचे गाणे लोकांना शिकविले नाही. लोकांच्या छंदात आपली श्रद्धा ओतली.

दुसरे वाटाडे म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनमध्ये झाला. पण मराठी ख्रिस्ती गीतांविषयी बोलताना त्यांना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी भजने व अभंग दिले, ख्रिस्ती कीर्तनाची गोडी लावली. संत तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे नेऊन पूर्ण केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांची गीते मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आजही गायिली जातात.

या दोघांत एक साम्य आहे. दोघेही उत्तम जाणकार, दोघांनाही स्वतःची रुची. पण लिहिताना दोघांनी विचारले ते 'मला काय आवडते' असे नव्हे, तर 'माझ्या शेजारच्याला काय गाता येईल' असे.

कोण गप्प झाले?

येथेच मूळ मुद्द्याला हात घालू. आवडीनिवडीच्या वादात सर्वांत मोठा तोटा चुकीचे गाणे निवडल्याने होत नाही. तो होतो लोक गप्प झाल्याने. कॉयर उत्तम गातो, स्पीकर दणक्यात वाजतो, आणि बाकांवरचे लोक हाताची घडी घालून ऐकत राहतात. नवी चाल दर रविवारी बदलते, म्हणून आजीने पुस्तक मिटून ठेवलेले असते. वाडीवरून तासभर चालत आलेली बाई उच्चाराला कुणी हसेल म्हणून नुसते ओठ हलविते. आणि कधीतरी चेष्टेत 'तुमची ती गावठी चाल' असा शब्द जातो आणि ते कुटुंब पुढच्या महिन्यापासून दिसत नाही. मस्करीची कुस्करी होते ती अशी. संत पौल रोमकरांना हेच बजावतात. तेथे वाद अन्नाचा होता, आपल्याकडे गाण्याचा असतो. पण ताटातल्या पदार्थावरून भावाचे मन मोडू नये, तसे सुरावरूनही मोडू नये.

मंडळीच्या गाण्याची खरी कसोटी रविवारी लागतच नाही. ती लागते जुलैच्या पावसात. वीज गेलेली आहे, डोंगराकडेच्या घरात मृतदेह ठेवला आहे, मोबाईलला रेंज नाही, कीबोर्ड चर्चमध्ये आहे. अशा वेळी त्या घरातल्या विधवेला आपण काय देणार? कागद न पाहता, वाद्यावाचून, सर्वांना एकत्र गाता येईल एवढेच. ती दोन-तीन गीते जर आपल्याला तोंडपाठ नसतील, तर घरोघरच्या मोबाईलमधील पाचशे गाणी त्या रात्री कामाला येणार नाहीत.

पौल व सीला यांना फटके मारून, पायांत खोडा घालून तुरुंगात टाकले होते. मध्यरात्री ते गात होते आणि इतर बंदिवान ऐकत होते. तेथे कोणते वाद्य होते? ३८६ साली मिलान शहरात राणीच्या सैनिकांनी चर्चला वेढा घातला, तेव्हा संत अँब्रोज आत अडकलेल्या भाविकांबरोबर होते. दुःखाने व थकव्याने लोक खचून जाऊ नयेत म्हणून तेथे पूर्वेकडील पद्धतीने स्तोत्रे गाण्याचा प्रघात सुरू झाला, अशी नोंद संत ऑगस्टीन यांनी केली आहे. मंडळीचे गायन हे असे संकटात जन्मलेले आहे. ते मैफलीसाठी नव्हे, एकमेकांना धरून ठेवण्यासाठी आहे.

आपल्या कर्जत-खोपोली लोकलमधील भजनी मंडळी पाहा. एकजण ओळ उचलतो आणि बाकीचे ध्रुपद धरतात. दाराशी उभा असलेला नवखा प्रवासीही दोन स्टेशने गेली की टाळी धरू लागतो, कारण ध्रुपद सोपे असते आणि पुन:पुन्हा येते. आपल्या मिस्सेतील प्रतिसाद स्तोत्राची रचना नेमकी अशीच आहे: गायकाने कडवे म्हणावे, सर्वांनी प्रतिसाद द्यावा. आपल्याकडे ही रीत आधीच रक्तात आहे. ती फक्त चर्चच्या दारातून आत यायला हवी.

गीत निवडताना

चर्चच्या शिकवणुकीतून चार साध्या कसोट्या निघतात. त्या कॉयरच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

१. शब्द. गीताचे शब्द श्रद्धेला धरून असावेत. ते मुख्यत्वे पवित्र शास्त्र व उपासना यांतून घेतलेले असावेत, असे परिषद सांगते. चाल गोड आहे म्हणून शब्द पोकळ चालत नाहीत.

२. जागा. प्रत्येक गीताला मिस्सेत आपले स्थान आहे. प्रतिसाद स्तोत्राच्या जागी दुसरे भक्तिगीत घालता येत नाही, आणि महिमास्तोत्राच्या जागी वेगळ्या शब्दांचे गीत चालत नाही. वैयक्तिक आवडीची गीते प्रार्थनासभेत, नोव्हेनानंतर, नाताळच्या फेरीत मनसोक्त गावीत.

३. काळ. प्रायश्चित्तकाळात महिमास्तोत्र व आल्लेलुया नसतात, आणि वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरती असावीत. चौथा रविवार व मोठे सण यांचा अपवाद. या मौनामुळेच पुनरुत्थानाच्या रात्रीचा आल्लेलुया अंगावर काटा आणतो.

४. सहभाग. १९६७ सालच्या पवित्र संगीतविषयक सूचनेनुसार आधी महत्त्व आहे ते धर्मगुरू व लोक यांच्या संवादरूप प्रतिसादांना आणि सर्वांनी मिळून म्हणावयाच्या भागांना. कॉयर लोकांच्या पुढे चालतो, त्यांच्या जागी नव्हे.

थट्टा कशी करावी?

थट्टा बंद करा, असे आम्ही मुळीच सांगणार नाही. पण तिलाही ताल हवा. पहिली चेष्टा स्वतःच्या आवडीची करावी. वाद्याला हसावे, वाजविणाऱ्याला नव्हे. कुणाच्या भाषेला, उच्चाराला, गावाला कधीही हसू नये. आणि ज्याची थट्टा केली त्याचे एक गाणे त्या महिन्यात शिकून घ्यावे. गिटारवाल्याने पेटीवाल्या काकांकडून एक अभंग शिकावा, काकांनी मुलांच्या एका गीताला पेटीची साथ करावी. वाडीवरच्या बायांकडून त्यांची एक चाल कॉयरने त्यांच्याच तोंडून ऐकावी व त्यांच्याबरोबर गावी. ज्याचे गाणे आपण शिकतो, त्याचा राग मनात फार दिवस टिकत नाही.

आणि एक ठोस काम. संत सेसिलियाच्या सणापर्यंत, म्हणजे २२ नोव्हेंबरपर्यंत, आपल्या धर्मग्रामाची सहा गीते ठरवू या: एक प्रवेशाचे, एक अर्पणाचे, एक ख्रिस्तप्रसादाचे, एक पवित्र मातेचे, एक नाताळचे आणि एक अंत्यविधीचे. लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांना पाठ, वाद्यावाचून गाता येतील अशी. बाकी हजार गाण्यांवर खुशाल वाद घालू.

घरी व वाडीवरील गटात चर्चेसाठी

१. आपल्या घरात कोणाला कोणते ख्रिस्ती गीत सर्वांत प्रिय आहे? त्यामागची आठवण एकमेकांना सांगा.
२. कागद न पाहता आपल्या सर्व कुटुंबाला एकत्र गाता येईल असे गीत कोणते? नसेल, तर कोणते शिकाल?
३. आपल्या शेजारच्या बाकावर कोण गात नाही? त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे का?

प्रार्थना

हे प्रभो, तू आम्हाला वेगवेगळे कंठ दिलेस आणि वेगवेगळ्या आवडी दिल्यास. आमच्या थट्टेत माया असू दे, आमच्या निवडीत शहाणपण असू दे. जो गप्प झाला आहे त्याचा आवाज आम्हाला ऐकू येऊ दे, आणि तो पुन्हा गाऊ लागेपर्यंत आमचा आवाज थोडा खाली आणण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.